एंटरप्राइज होडी वाऱ्यावर चढत नाही: शीड आणि डोलकाठीच्या जुळणीबद्दल मदत हवी

भरती_ओहोटी

नमस्कार मंडळी. मी आणि माझी मावसबहीण मुंबई बंदरात एंटरप्राइज चालवतो. हा आमचा दुसरा हंगाम. होडी जुनी आहे, पण हल (होडीचं अंग) उत्तम आहे. शिडं मात्र आधीच्या मालकाकडूनच आलेली.

अडचण अशी की, बीट मारताना, म्हणजे वाऱ्याच्या दिशेनं नागमोडी चढताना, आमचा वेग बाकीच्यांइतकाच असतो, पण वर चढता येत नाही. शेजारची होडी त्याच वेगानं ४-५ अंश वर नाक ठेवून जाते आणि मार्कपाशी (वळायच्या खुणेपाशी) पोचेपर्यंत आम्ही ६-७ होड्या खाली गेलेलो असतो. स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजवीकडून येताना) हे जास्त जाणवतं, पोर्टवर (डावीकडून येताना) थोडं कमी.

आत्तापर्यंत हे केलं: मेनशीट (मुख्य शीड ओढायची दोरी) घट्ट, किकर (बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, खाली धरणारी दोरी) घट्ट, आउटहॉल (शिडाची खालची कड बूमवर ताणणारी दोरी) घट्ट. एका शीड बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातले रेकचे (डोलकाठीच्या मागच्या झुकावाचे) आणि श्राउडच्या (डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या तारांच्या) ताणाचे आकडे जसेच्या तसे लावले. आमची शिडं त्या कंपनीची नाहीत. फरक पडला, पण उलटा: होडी आणखी जड झाली.

दुपारचा वारा साधारण ८ ते १२ नॉट. आम्हा दोघींचं मिळून वजन ११८ किलो. कुठून सुरुवात करू?

नाखवा_कुलाबा

सगळ्यात आधी तो तक्ता बाजूला ठेवा. त्यातले आकडे त्या शिडासाठी आणि त्या डोलकाठीसाठी असतात. शीड शिवताना त्याच्या पुढच्या कडेला, म्हणजे लफला, थोडा बाहेरचा गोलावा देतात. डोलकाठी किती वाकेल याचा अंदाज धरून तो गोलावा ठरतो. तुमची डोलकाठी त्या अंदाजाहून जास्त वाकली तर शीड पाटासारखं सपाट होतं, कमी वाकली तर पोट जास्त राहतं. दुसऱ्याच्या शिडाचे आकडे आपल्या होडीला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा घालणं.

दुसरी गोष्ट. तुमच्या पोस्टमधलं सर्वात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंय: स्टारबोर्डवर जास्त, पोर्टवर कमी. शिडाचा आकार किंवा वजन यांचा दोष असता तर दोन्ही टॅकवर सारखाच त्रास झाला असता. एका बाजूला जास्त त्रास होतो याचा अर्थ होडीत डावं-उजवं सारखं नाही. पाण्यात उतरण्याआधी किनाऱ्यावर अर्धा तास काढा. ट्रॉलीवर होडी आडवी समपातळीत आणा. मेनच्या (मुख्य शिडाच्या) हॅलियार्डला, म्हणजे शीड वर चढवायच्या दोरीला, मापाची टेप बांधून वर चढवा आणि टेपचं खालचं टोक एकदा डाव्या श्राउडच्या चेनप्लेटला (श्राउड होडीला जिथे अडकतो त्या पट्टीला), एकदा उजव्या चेनप्लेटला लावा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. मग जिबच्या (पुढच्या छोट्या शिडाच्या) दोन्ही फेअरलीडचं, म्हणजे जिबची दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांचं, नाळेपासूनचं (होडीच्या पुढच्या टोकापासूनचं) अंतर मोजा. तेही सारखं हवं.

हे करा आणि इथे लिहा. तोवर किकर, आउटहॉल कशालाच हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही.

मी १९८२ च्या एशियाडच्या वेळी तरुण होतो. नौकानयनाच्या शर्यती आपल्या मुंबईतच झाल्या आणि फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल वर्गाच्या होडीत सुवर्णपदक मिळवलं. ते दिवस पाहिलेल्या आमच्या सगळ्यांच्या हाताला तेव्हापासून मापाच्या टेपची सवय लागली.

मिडलंड्सची_मृणाल

मी इंग्लंडमध्ये एका तलावावर एंटरप्राइजच चालवते, त्यामुळे धागा पाहून फार आनंद झाला. जॅक होल्टनं १९५६ मध्ये काढलेली ही होडी, निळी शिडं, ट्रॅपीझ (बाहेर लटकायची तार) नाही, स्पिनेकर (पुढचं मोठं फुगीर शीड) नाही. म्हणूनच शिकायला इतकी चांगली. लपायला जागाच नाही: मेन, जिब आणि तुम्ही दोघी.

नाखवाकाका म्हणतात ते आधी कराच. त्यात माझी भर जिबच्या लफची.

वर न चढणाऱ्या होडीत बहुतेक लोक मेनकडे बघत बसतात. खरं दुखणं पुष्कळदा जिबमध्ये असतं. आपल्या होडीत डोलकाठीला पुढून जिबचा लफ-वायरच धरून ठेवतो. जिब चढवून हॅलियार्ड ताणली की फोरस्टे (डोलकाठीची पुढची तार) ढिला पडतो आणि श्राउड ताठ होतात. हा ताण कमी असेल तर वाऱ्याच्या दाबानं जिबची पुढची कड पलीकडे झोळीसारखी झुकते. झुकली की जिबचं पोट वाढतं, तोंड गोल होतं आणि होडी वर नाक धरूच शकत नाही. बीटवर असताना होडीच्या मधोमध खाली बसून जिबच्या लफवरून वर नजर टाकून बघ, सरळ रेषा दिसते की धनुष्य ते. (अहो-जाहो नको असेल तर 'तू' म्हणते. चालेल ना?)

जुन्या होड्यांत हॅलियार्ड किनाऱ्यावर ताठ असते आणि दोन टॅक झाले की सैल पडते. दोरीचा भाग ताणला जातो, नाहीतर क्लीटमधून (दोरी अडकवायच्या खाचेतून) सरकतो. म्हणून पाण्यात जाऊन आल्यावर पुन्हा ताण बघायचा. ताणमापक असेल तर उत्तम. नसेल तर निदान हे बघ: मध्यम वाऱ्यात बीटवर पलीकडचा श्राउड किंचित सैल वाटला तर चालतो, पण लोंबकळून हलत असेल तर ताण कमी आहे.

भरती_ओहोटी

'तू'च म्हण मृणालताई. नाखवाकाका, तुम्हीसुद्धा. रविवारी मोजते आणि लिहिते.

मांडवीकाठ

वाचतोय. मी गोव्यात आयएलसीए ६ चालवतो, म्हणजे जुन्या नावानं लेझर रेडियल. आमच्याकडे श्राउडच नाहीत, त्यामुळे रेक आणि ताणाची भानगड नाही. पण शिडाचा आकार तर आम्हालाही लागतोच. एक प्रश्न: हलक्या वाऱ्यात, ३-४ नॉटला, मी आउटहॉल भरपूर सोडतो. वारा कमी म्हणून शीड फुगीर हवं ना? तरीही अगदी पडक्या वाऱ्यात मी मागे राहतो.

वेलांटी

मांडवीकाठ, इथे बहुतेकांची गफलत होते, माझीही वर्षानुवर्षं व्हायची. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शिडाची ताकद त्याच्या पोटात आहे हे खरं. पण वाऱ्याला त्या पोटावरून वळून जावं लागतं. ३ नॉटच्या वाऱ्यात इतका जोम नसतो की तो खोल वळणाला चिकटून राहील. तो अर्ध्या वाटेवर सुटतो, पलीकडच्या बाजूला नुसता घोळत राहतो आणि शीड फक्त भरल्यासारखं दिसतं. म्हणून अगदी पडक्या वाऱ्यात शीड थोडं सपाट हवं. ६-७ नॉटपासून, वारा चिकटून राहील इतका झाला की पोट वाढवायचं. आणि वजन टाकूनही होडी सपाट राहीनाशी झाली की पुन्हा सपाट करत जायचं. म्हणजे सपाट, फुगीर, सपाट. ही गोष्ट मनाला पटायला वेळ लागतो, पण टेलटेलकडे (शिडावर लावलेल्या रिबनींकडे) बघितलं की लगेच पटते.

शिडाच्या मागच्या कडेला, लीचला, सर्वात वरच्या बॅटनपाशी (शिडातल्या ताठ पट्टीपाशी) एक रिबन लावा. ती मागे सरळ उडत असेल तर वारा नीट सुटतोय. पलीकडे वळून शिडामागे लपत असेल तर वरचं शीड फार आवळलंय. थोडी मेनशीट सोडा. सगळा वेळ सरळच उडत असेल तर मात्र अजून थोडं आवळायला जागा आहे. मधूनमधून लपली आणि पुन्हा निघाली की समजा, नेमकं जमलंय.

(नवीन वाचकांसाठी: शीड आणि शीट कानाला एकच वाटतात. शीट म्हणजे शीड ओढायची दोरी.)

पोट मोजायचा सोपा उपाय म्हणजे मोबाइल. बीटवर असताना क्रूनं बूमच्या मधोमध खाली टेकून सरळ वर फोटो काढायचा. शिडावर आडवे काळे पट्टे असतील तर फारच सोपं. पट्ट्याच्या दोन टोकांना जोडणारी सरळ रेषा काढा, तिच्यापासून पोटाचं सर्वात खोल अंतर मोजा आणि रेषेच्या लांबीनं भागा. १० ते १५ टक्क्यांच्या आसपास उत्तर येतं. आकड्यापेक्षाही पोट कुठे आहे ते बघा. पुढच्या कडेपासून ४०-४५ टक्क्यांवर असेल तर ठीक. जुन्या, ताण खाल्लेल्या कापडात ते मागे सरकतं, अगदी ५५ पर्यंत. मग लीच आतल्या बाजूला वळते आणि होडी पुढे जाण्याऐवजी आडवी ढकलली जाते. भरती_ओहोटी, तुझी शिडं जुनी आहेत म्हणून हे मुद्दाम लिहिलं. कनिंगहॅम (शिडाची पुढची कड खाली ताणणारी दोरी) ओढलं की पोट पुढे येतं. जुन्या शिडाला नव्यापेक्षा जास्त कनिंगहॅम लागतं.

नाखवा_कुलाबा

वेलांटींनी उत्तम लिहिलंय. फक्त किकरबद्दल माझं मत मांडतो. बऱ्याच मुलांना शिकवलंय की किकर म्हणजे वाऱ्याबरोबर जाताना बूम खाली धरायची दोरी. बीटवरही तिचं मोठं काम आहे. किकर ओढला की बूम डोलकाठीला गूजनेकपाशी (बूम डोलकाठीला जोडते तिथे) पुढे ढकलते, त्यामुळे डोलकाठी खालच्या भागात वाकते आणि खालचं शीड सपाट होतं. शिवाय लीच आवळली जाते. १५ नॉटला हे दोन्ही हवं असतं. ८ नॉटला लाटांमध्ये हे दोन्ही नको असतं. तू ८ ते १२ मध्ये किकर घट्ट ठेवते आहेस. जड वाटतंय याचं एक कारण तिथेच आहे.

वेलांटी

काका, सपाट पाण्यात ८-१० नॉटला थोडा किकर असावा असं माझं मत आहे. नाहीतर झोताला मेनशीट सोडली की बूम वर उडते, वरचं शीड एकदम उघडतं आणि ताकद जाते.

नाखवा_कुलाबा

सपाट पाण्यात मान्य. पण आपल्या बंदरात सपाट पाणी कुठे? गेटवेवरून घारापुरीच्या लाँचा, मांडव्याच्या बोटी, त्यांच्या लाटा कुलाब्याच्या भिंतीवरून परत येतात. त्यात भरतीचं पाणी वर चढत असेल आणि वायव्येचा वारा समोरून आला तर छोट्या, उभ्या लाटा उठतात. एंटरप्राइजची नाळ त्यात आपटते. तिथे वर चढण्यापेक्षा पुढे धावणं महत्त्वाचं. किकर फक्त दोरीतला ढिलेपणा जाईल इतकाच.

दर्या_हर्णे

मी रेसिंगवाला नाही, पण धागा सोडवेना. माझे आजोबा हर्णै बंदरातून शिडाचं गलबत चालवायचे. त्यांचं शीड परबाणाला (डोलकाठीवरच्या तिरक्या काठीला) बांधलेलं, तिरकं. त्यांच्याकडे ना टेलटेल ना तक्ता. पण ते सांगायचे की वारा पडला की शिडावर पाणी मारायचं. मांजरपाटाचं सुती कापड ओलं झालं की वीण घट्ट होते, वारा आरपार जात नाही. आणि तांडेल दिवसभर शिडाच्या मागच्या कडेकडे बघत बसायचा. ती फडफडली की दोरी आवळायची, अगदी निपचित पडली की सोडायची. वेलांटींनी रिबनचं लिहिलं ते वाचून त्यांची आठवण झाली.

वेलांटी

दर्या, फार छान. लीचची भाषा तीच आहे. आजोबांच्या अजून आठवणी असतील तर वेगळा धागा काढाच.

सायलीची_आई

इथे विचारलं तर चालेल का? माझी मुलगी १० वर्षांची आहे, ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी होडी) चालवते. तिच्या शिडात वरच्या पुढच्या कोपऱ्यापासून खालच्या मागच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी सुरकुती पडते. प्रशिक्षक सांगतात स्प्रिट बघ. म्हणजे नेमकं काय?

मांडवीकाठ

ताई, हे मी लहानपणी खूप केलंय. ऑप्टिमिस्टचं शीड चौकोनी असतं, वरचा मागचा कोपरा स्प्रिट नावाची तिरकी काठी वर धरते. डोलकाठीच्या वरच्या कोपऱ्यातून बूमच्या टोकाकडे सुरकुती येते म्हणजे स्प्रिट सैल आहे. दोरी ओढून ती काठी अजून वर ढकलायची. उलट, वरच्या मागच्या कोपऱ्यातून खाली डोलकाठीकडे सुरकुती आली तर स्प्रिट फार ताणलंय. वारा भरल्यावर सुरकुती जेमतेम जाईल इतकंच. वारा वाढला की पुन्हा ओढायला लागतं, म्हणून शर्यतीच्या आधी पाण्यातच बघायला सांगा. आणि शीड डोलकाठीला बांधायच्या छोट्या दोऱ्या तपासा. नियमानं फट १० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही.

सायलीची_आई

मनापासून आभार. तिला आजच दाखवते.

भरती_ओहोटी

मंडळी, रविवारचा वृत्तांत.

नाखवाकाका, तुम्ही बरोबर होतात. टेप लावली. डाव्या चेनप्लेटचं माप उजव्यापेक्षा २ सेंटिमीटर कमी! श्राउड अ‍ॅडजस्टरची पिन दोन्हीकडे वरून चौथ्या भोकात होती, म्हणून आम्ही वर्षभर सारखं आहे असं समजत होतो. पण उजवा श्राउड मागच्या मालकानं कधीतरी बदललेला असावा, त्याची लांबीच वेगळी. म्हणजे भोकं मोजून काही कळत नाही, अंतरच मोजायला हवं होतं. डोलकाठी वर्षभर डावीकडे कललेली होती आणि आम्ही तिच्याकडे रोज बघत होतो. उजवी पिन सरकवल्यावर दोन्ही मापं ३ मिलिमीटरच्या आत आली.

फेअरलीडसुद्धा. उजवा एक भोक मागे होता.

मृणालताई, तू म्हणालीस तसं बहिणीनं खाली बसून जिबच्या लफवर नजर टाकली. धनुष्य! हॅलियार्डची दोरी बदलली. कमी ताण खाणारी घेतली. दोन टॅकनंतर पुन्हा बघितलं, जागच्या जागी होती.

पाण्यात: दुपारी २ वाजता खारे वारे स्थिर झाले, ९-१० नॉट. ओहोटी सुरू होती, पाणी त्यामानानं शांत. दोन्ही टॅकवर होडी सारखी वाटली. हे मी पहिल्यांदा अनुभवलं. आमच्या नेहमीच्या जोडीदार होडीशेजारून १० मिनिटं बीट मारली आणि आम्ही खाली घसरलो नाही. बहीण अक्षरशः ओरडली.

पण तास-दीड तासानं लाँचांची गर्दी झाली आणि लाटा उठल्या, तिथे आम्ही पुन्हा मागे. या वेळी घसरलो नाही, पण थांबल्यासारखं झालं. प्रत्येक तिसऱ्या लाटेला होडी उभी राहते. किकर सैल होता. अजून काय बघू?

मिडलंड्सची_मृणाल

किती छान! वर्षभर वाकड्या डोलकाठीनं शर्यती केल्यात आणि तरी मधल्या फळीत होतात. म्हणजे तुमचं सुकाणू चांगलं आहे.

आता लाटांचं. ताठ लफ सपाट पाण्यात वर चढवतो, पण लाटांत तोच त्रास देतो. जिबचं तोंड अगदी धारदार झालं की वाऱ्याचा योग्य कोन फारच अरुंद राहतो. लाट नाळ हलवते, तू त्या अरुंद कोनातून बाहेर जातेस, जिब थांबते, होडी थांबते. म्हणून लाटांत हॅलियार्ड थोडी सोड, तोंड जरा गोल होऊ दे. चुकायला जागा मिळते. जिबशीटही एक-दोन सेंटिमीटर सोड. आणि फेअरलीड आत्ता ठीक आहे का ते बघायला: हळूहळू वर नाक घे आणि जिबच्या वाऱ्याकडच्या टेलटेल बघ. वरची आधी फडफडली तर फेअरलीड एक भोक पुढे. खालची आधी फडफडली तर मागे. तिन्ही एकदम फडफडल्या पाहिजेत.

आउटहॉल?

भरती_ओहोटी

आउटहॉल घट्टच होता. तो बदलायचं राहिलं.

नाखवा_कुलाबा

मग तिथेच आहे. आउटहॉल शिडाच्या खालच्या तिसऱ्या भागाचं पोट ठरवतो, आणि लाटेतून होडी पुढे ढकलायची ताकद त्या भागात असते. सपाट पाण्यात बूम आणि शिडाची खालची कड यांच्यात चार बोटं जातील इतकं ठेव. लाटांत पूर्ण वीत. बूमवर पेननं दोन खुणा कर, म्हणजे पाण्यात अंदाज करत बसावं लागणार नाही.

अजून एक, हे दोरीचं नाही. दोघी थोड्या मध्ये सरका. लाटांत जवळ जवळ बसायचं, खांद्याला खांदा. वजन नाळेपासून आणि ट्रान्समपासून (होडीच्या मागच्या टोकापासून) दूर, मध्ये असलं की होडी लाटेवर सहज उचलली जाते. आणि मोठी लाट येताना दिसली की नाक किंचित खाली पाड, लाट ओलांडली की परत वर घे. नजर तीन लाटा पुढे.

वेलांटी

नाखवाकाकांशी पूर्ण सहमत. फक्त क्रम पाळ: पहिल्या फेरीत फक्त आउटहॉल, दुसरीत हॅलियार्ड, तिसरीत बसायची जागा. प्रत्येक वेळी तोच जोडीदार शेजारी ठेव. एकट्यानं फिरून काही कळत नाही. आणि वहीत लिही: वारा, लाट, पिनचं भोक, खुणा, काय वाटलं. दोन महिन्यांत तुझ्या होडीचा स्वतःचा तक्ता तयार होईल, या शिडांचा, या डोलकाठीचा, तुम्हा दोघींच्या ११८ किलोंचा.

भरती_ओहोटी

वही आजच घेतली. पहिल्या पानावर दोन्ही चेनप्लेटची मापं लिहिली आहेत.

येत्या शनिवारी पुन्हा उतरतोय. दुपारची भरती आणि वायव्येचा वारा एकदम येतील, म्हणजे काका म्हणतात त्या उभ्या लाटा नक्की. जोडीदार होडी तयार आहे. आउटहॉलपासून सुरू करतो. रात्री लिहीन.

नाखवा_कुलाबा

मी दुपारी धक्क्यावर असेन. निघायच्या आधी टेप पुन्हा एकदा लावू.